उजव्या भुवईवरचा व्रण

"तेवीसच्या तेवीस मुखपृष्ठं माझीच," बाबा म्हणाले आणि खुर्चीत रेलले. "झालं समाधान?"

लेकीनं हातातलं भिंग खाली ठेवलं. नऊ वर्षं तिनं रद्दीची दुकानं पालथी घातली होती. जुन्या विज्ञानकथांची ती खिशात मावणारी पुस्तकं! आत लेखकाचं नाव, छापखान्याचं नाव, पण चित्रकाराचं औषधालाही नाही. अशी बेवारशी चित्रं ओळखायचा तिला ध्यासच लागला होता. पुष्कळ ओळखली. ही तेवीस तेवढी हुलकावणी देत राहिली. बाबा त्याच प्रकाशनात सजावट बघायचे, पण विचारलं की गुळणी धरून बसायचे.

परवा भिंगाखाली तिला दिसलं. अंतराळवीरांचे नाक-डोळे निरनिराळे, पण प्रत्येकाच्या उजव्या भुवईवर एकच तिरका व्रण. बाबांच्या उजव्या भुवईवर आहे, अगदी तस्साच.

"हातच्या काकणाला आरसा कशाला!" ती हसली. "सांगायचं नाही का हो, बाबा?"

दुपारी तिची चित्रकारांची यादी छापायला जायची होती. तिनं तेवीस चित्रांपुढे बाबांचं नाव लिहिलं. खाली एक टीप हवी होती.

"चेहऱ्यासाठी समोर बसवायचात कुणाला?"

"बसवतोय कुणाला! आरसा ठेवायचा समोर, दिसेल तसं उतरवायचं."

तिचं पेन थांबलं. आरशात दिसेल तसं उतरवलं, तर उजवीकडचा व्रण चित्रातल्या माणसाच्या डाव्या भुवईवर जातो. चित्रकलेच्या वर्गात नवख्यांना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि इथे तेवीसही चित्रांत व्रण उजवीकडेच होता. म्हणजे बाबा आरशासमोर नव्हतेच. ते कुणाच्या तरी समोर बसले होते, आणि कुंचला त्या माणसाच्या हातात होता.

"बाबा, खरं सांगा. कुणी काढली?"

"म्हणजे काय? मीच की." बाबा चष्मा पुसू लागले. स्वच्छच होता तो.

तिला भयंकर संताप आला. केसानं गळा कापला या माणसानं, तोही पोटच्या पोरीचा! अजून दोन तासांनी तिच्याच सहीनं हे खोटं छापायला गेलं असतं. तिनं बाबांचं नाव खोडलं. रेघ इतकी दाबून ओढली की कागद फाटला. त्या जागी कुणाचं नाव लिहायचं, ते मात्र तिला कळेना.

खिडकीपाशी आई एवढा वेळ बाबांच्या शर्टाला बटण लावत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं दातानं दोरा तोडला.

"बसायचे मात्र छान हं," आई म्हणाली. "हनुवटी जरा वर घ्या म्हटलं, की तासभर हलायचे नाहीत."