एक डोळा उघडा

निकानोरची जुनी डिझेल व्हॅन सोमवार ते शनिवार अँडीजचा घाट पाखरासारखी चढायची, आंधळ्या वळणांवरही ट्रक मागे टाकत. रविवारी मात्र फादर अन्सेल्मो पुढच्या सीटवर बसून वरच्या गावच्या चर्चला निघाले, की तीच गाडी बैलगाडीसारखी रडायची.

दर सोमवारी मेकॅनिक फोर्तुनाता बॉनेट उघडून कपाळाला हात लावायची. "टर्बोची तीच बारीक नळी! ती निघाली की टर्बो गप्प, आणि गाडीचा दम खलास. ही आपोआप निघत नाही मेल्या, कोणीतरी उपसतंय."

"करणी केलीय माझ्यावर," निकानोर म्हणाला. "आता रविवारी निघण्याआधी फादरांकडून गाडीला आशीर्वाद घेताना फुलं दुप्पट घालतो. चाकांवर रिवाजाची बिअरही दोन बाटल्या जास्त ओततो."

"ओत की. पण फादर आशीर्वाद देतील तेव्हा एक डोळा उघडा ठेव."

रविवारी निकानोरने हात जोडले आणि एक डोळा किलकिला ठेवला. फादरांनी बॉनेट उघडलं, इंजिनावर पवित्र पाणी शिंपडलं, क्रुसाची खूण केली आणि त्याच हाताने नळी खसकन उपसली.

"फादर! तुम्ही?"

फादर जराही ओशाळले नाहीत.



"देवावर माझा पूर्ण भरवसा आहे रे पोरा. पण तुझ्या ओव्हरटेकला तो एकटा पुरत नाही."