पाचटावरचा जॉइंट

बाळासोंनी गच्चीवर उसाचं पाचट पेटवलं आणि प्लास्टिकच्या पाईपचं तोंड जाळावर धरून फिरवायला सुरुवात केली, कणीस भाजावं तसं, हलक्या हातानं. तोंड मऊ पडलं, फुगलं, तसं त्यांनी कठड्यावरून ओणवून ते सोलर बंबाच्या बाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीवर दाबून बसवलं. वरून ओलं फडकं गुंडाळलं. झालं काम.

शेतातली पाइपलाइन ते आजवर अशीच जोडत आले होते. तोंड गार झालं की पकड अशी बसायची की बैल जुंपला तरी सुटू नये. दौंडच्या हार्डवेअरवाल्यानं परोपरीनं सांगितलं होतं, "मामा, एकीकडं तांबं, एकीकडं प्लास्टिक. मधी पितळी कनेक्टर घ्या, आन् पाईप गरम पाण्याचाच घ्या." बाळासो नुसते हसले होते. अख्ख्या वस्तीचं पाणी ज्यानं शेतात पोचवलं, त्याला हा गडी पितळेचा तुकडा विकायला निघाला होता.

हा सगळा खटाटोप शितलसाठी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण जावई भारतराव फोनवर सरळ बोलले होते, "मामा, शिक्रापूरला रूमवर गिझर हाय. तुमच्याकडं चुलीवरच्या पाण्याच्या बादल्या. नळाला गरम पाणी आलं असंल तर ठेवतो तिला, न्हाईतर माघारी नेतो." बोलणं वावगं नव्हतं, आणि म्हणूनच ते बाळासोंना जास्त लागलं होतं.

त्यांनी पाणी सोडून पाहिलं. एक थेंब गळेना. पाईप दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तो हलेना.

"बघ," ते खाली अंगणात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले. "आन् म्हणं पितळ पायजे."

"पाणी गार हाय अजून," झुंबरबाई म्हणाल्या.

"गरम झाल्यावर काय शिंगं फुटत्यात व्हय पाण्याला?"

झुंबरबाई आत गेल्या.

दुपारी गाडी आली. शितल हळूहळू उतरून ओट्यावर टेकली. भारतनं मात्र डिकी उघडली नाही. तो तडक न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून धारेखाली हात धरला. पाणी कोमट आलं, मग गरम, मग असं कढत की त्यानं हात झटकला.

"लई भारी, मामा."

बाळासोंना आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात भिंतीबाहेर फस्स असा आवाज झाला आणि नळाची धार बारीक होत होत थांबली.

दोघं बाहेर धावले. पाईप निखळून भिंतीवर लोंबकळत होता. वरच्या तांब्याच्या नळीतून वाफाळतं पाणी सरळ अंगणात पडत होतं. ते बंद करायला वर चावी बसवावी, हे काही बाळासोंना सुचलं नव्हतं. लेक आता परत जाणार, हे त्यांना कळून चुकलं. तरी ते गच्चीवर चढले. मागोमाग भारतही.

बाळासोंनी पाईप वर ओढून घेतला आणि त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. सकाळी जाळावर फुगवलेलं तोंड आता फुगलेलं नव्हतं. दुकानातून आणलं तेव्हा होतं तसं, अगदी तेवढंच झालं होतं.

"भारतराव, हे बघा. ह्याला कुणी बारीक केलं?"

भारत सणसवाडीच्या कंपनीत प्लास्टिकचे पार्ट काढणाऱ्या मशीनवर होता. त्यानं तोंडात बोट फिरवून पाहिलं. "मशीनवरबी असंच व्हतंय कवा कवा. ताणून धरलेलं असतंय ना ते. ऊब लागली की माघारी जातंय."

"मग शेतातलं का न्हाई गेलं इतकी वर्षं?"

"तिथं कुठं ऊब लागती त्याला? विहिरीचं पाणी."

बाळासोंनी पाईपचं तोंड उजेडाकडं धरून पाहिलं. मग म्हणाले, "परत करून बघू?"

उरलेलं पाचट पुन्हा पेटलं. सासरा-जावई गुडघ्यावर बसले. तोंड फुगवलं, गार केलं. मग बाळासोंनी कठड्यावरून हात लांबवून ते नळीच्या कढत धारेत धरलं आणि दोघं डोळे बारीक करून बघू लागले. तोंड सावकाश मिटत गेलं. भारत हसला. बाळासोही हसले, लहान पोरासारखे, आणि हसता हसताच त्यांना आठवलं की आपण कशासाठी वर आलो होतो.

"मग, नेताय का तिला?"

भारतचं हसू ओसरलं. "बोललो तसं हाय, मामा. तुम्ही कनेक्टर आणून नीट जोडून घ्या. मग आणून सोडतो की मी."

बाळासोंनी मान हलवली. भारत कठड्याशी गेला आणि खाली वाकला.

खाली झुंबरबाईंनी धारेखाली बादली लावली होती. तिच्यातलं पाणी मगानं काढून त्या शेजारच्या घमेल्यात ओतत होत्या, वर थोडं गार मिसळत होत्या. घमेल्यात शितलचे सुजलेले पाय होते. साडी गुडघ्याशी खोचलेली, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले.

"शितल, निघायचं ना?" भारतनं विचारलं.

ती डोळे न उघडताच म्हणाली,

"अहो, पाणी आलंय की."