सहाबोटी

लंडनहून आलेल्या पेटीतून देवी बाहेर काढली, तेव्हा तिच्या डाव्या पायाला सहा बोटं निघाली.

हातभर उंचीची, काळ्या दगडाची मूर्ती. इंग्रजांच्या काळात हिंगोलीच्या छावणीतल्या कुणा साहेबानं ती विलायतेला नेली होती. मूर्तीच्या बुडाशी त्यानं गावाचं नाव रंगवून ठेवलं होतं, म्हणून ती परत आली. आणली विश्वंभर सरांनी. गाव त्यांचंच. लंडनच्या संग्रहालयाशी ते कित्येक वर्षं भांडले.

सर कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायचे. "कादंबरीतला साहेब लोकांना शहाणं करायला येतो," ते वर्गात म्हणायचे, "आणि जाताना त्यांचा देव घेऊन जातो."

गावच्या मंदिरात काचेचं कपाट करून मूर्ती ठेवली. औंढा नागनाथला आलेले लोक वाट वाकडी करून दर्शनाला येऊ लागले. पण सहावं बोट कशाचं, हे कुणालाच सांगता येईना. देवीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. सरांना चैन पडेना. अफशीन नावाच्या विद्यार्थिनीला बरोबर घेऊन ते आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले.

शेवटी डोंगरावरच्या आंध आदिवासींच्या वस्तीत भिकाबाई भेटल्या. फोटो पाहून त्यांनी सरांचा मोबाइल कपाळाला लावला.

"ही तं आमची सहाबोटी. वस्तीची पहिली घरं सहा. एका घराचं एक बोट. ज्यानं त्यानं आपल्या बोटाला कुंकू लावायचं. आमचं कडेचं."

सर हरखून गेले. त्यांनी भिकाबाईंना लगेच गाडीत बसवून गावात आणलं, कपाट उघडलं. भिकाबाईंनी कडेच्या बोटाला कुंकू लावलं आणि बराच वेळ पायावरचा हात काढला नाही.

"आजी, साहेब हिला डोंगरावरून खाली कसा घेऊन गेला?" अफशीननं विचारलं.

"साहेब काहून चढंल डोंगर? माझी आजी सांगायची, याच गावचे लोक आले. उचलून घेऊन गेले, अन् साहेबाला खूश कराया देऊन टाकली. आमची माणसं रडत मागं आली, तं वेशीतूनच हाकलून देलं."

सर चष्मा पुसत राहिले.

भिकाबाई पदर सावरत उठल्या. "झालं ते झालं. तुमी लई तकलीफ घेऊन तिला आणलं, सर. आता घरी कवा नेऊ?"

सरांनी कपाटाचं दार हलकेच लावून घेतलं.

"आजी, ती हितंच नीट राहील," ते मायेनं म्हणाले. "तुमी येत जा की दर्शनाला. तुमाला कुणी अडवायचं न्हाई."