ड्रमने काढलेला फोटो

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, माझ्या घरात तर आजवर कुणीच ठेवलेला नाही. पण आमच्या सावेडीच्या दुकानातल्या रंगीत प्रिंटरच्या ड्रमने आज स्वतःहून फोटो काढला. ड्रम म्हणजे मशीनच्या पोटातलं निळसर, चकचकीत नळकांडं. लेझरचा उजेड पडेल तिथेच त्याला रंग चिकटतो, म्हणून बाहेर काढलं तर काळ्या कापडात गुंडाळून ठेवावं लागतं.

नातीची, देवश्रीची, ही पहिली मोठी ऑर्डर होती. शाळेच्या स्मरणिकेची दोनशे मुखपृष्ठं, समारंभ चार वाजता. "ड्रम मळलाय," एवढंच ती काल म्हणाली होती. आज तीन वाजले तरी प्रत्येक कागद काळाकुट्ट निघत होता, नवा ड्रम पुण्याहून उद्या येणार होता आणि मुख्याध्यापिकाबाईंचे फोन घ्यायचं तिने सोडून दिलं होतं. पोर कपाळ धरून मशीनपुढे बसली होती.

मला बघवेना. म्हटलं, "बाळ, त्या मशीनला दोष देऊ नकोस. सकाळी तू कागद आणायला गेलीस ना, तेव्हा ह्या ड्रमने आपल्या मनाने एक चित्र काढलं. दोरीवर तुझ्या आजीची साडी, शेजारी कुरडयांचं ताट, टाकीवर कावळा. सगळं अगदी हुबेहूब. एवढं पोटात घेतल्यावर बिचारा दमणारच."

तिने कपाळावरचा हात हळूच खाली घेतला.


"आजोबा, तुम्ही ड्रम धुऊन गच्चीवर वाळत घातलात?"