परत आलेली नाव

तेजल घोरपडेचं नवं गाणं कल्पनेचं मूळ शोधणाऱ्या उगमयंत्राने अडवलं. गाण्याचं बीज श्रीपतराव इंगवल्यांच्या जुन्या चित्रपटात आहे, असं यंत्राचं म्हणणं होतं, आणि मूळ कलावंताने होकार दिल्याशिवाय हल्ली कुठलंच गाणं किंवा चित्रपट प्रसिद्ध होत नसे. म्हणून ती कोल्हापूरला त्यांच्या घरी आली होती. ज्या दिग्दर्शकाने आयुष्यभर आपल्या चित्रपटांत एकही गाणं घेतलं नाही, त्याच्यासमोर तिने आपलं ढिंच्याक गाणं वाजवलं.

श्रीपतराव डोळे मिटून ऐकत होते. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. शेवटच्या कडव्याला त्यांनी डोळे उघडले.

"पोरी, माझी नायिका नावेतून कायमची निघून जाते. तुझ्या गाण्यात ती परत कशी आली?"

"लहानपणी तो शेवट बघून मी खूप रडले होते, सर. म्हणून मी तिला परत आणलं."

श्रीपतराव खो खो हसायला लागले. "अगं, मलाही तिला परतच आणायचं होतं! पण ऐनवेळी नदीला पूर आला आणि ते दृश्य राहूनच गेलं. समीक्षकांनी त्या शेवटाची वाहवा केली, मग मीही गप्प बसलो."

त्यांनी हसतहसतच यंत्राला होकार दिला. मग जरा पुढे सरकून म्हणाले, "राहिलेलं दृश्य आता चित्रित करावं म्हणतो. पण यंत्र मला अडवणार. बीज तुझ्या गाण्यात आहे म्हणेल."

"माझा होकार आहे, सर," तेजल म्हणाली, "पण त्यात गाणं घ्यावं लागेल!"