शर्यतीतले बाबा

शलाका फोनवरची शर्यत जिंकली आणि तिचं तोंडच उतरलं.

"अगं, बाबांना हरवलंस की!" तिचा नवरा निनाद म्हणाला.

बाबांनी तिला उभ्या जन्मात कधी जिंकू दिलं नव्हतं. टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर बापलेकी गाड्यांची शर्यत लावत. शेवटच्या रेषेपाशी बाबा मुद्दाम गाडी थांबवायचे आणि ती जवळ आली की हॉर्न वाजवून सटकायचे. कन्सोल खेळणाऱ्याची लकब शिकून घ्यायचा, त्यामुळे बाबा गेल्यावरही कन्सोलने चालवलेली त्यांची गाडी तिला तशीच चिडवून हरवत होती. मग गेम बनवणाऱ्या कंपनीला मोबाईलचे वेध लागले. कन्सोल बंद झाले, आणि त्यांत साठवलेले सगळे खेळाडू फोनवर आले.

तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, मोबाईलवर हरलं की लोक गेम काढूनच टाकतात," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "म्हणून आता साठवलेले खेळाडू हरतात."

"मग माझे बाबा होते तसे करून द्या."

"जुनं काहीच ठेवलेलं नाही, मॅडम."

शलाकाने पुन्हा शर्यत लावली. बाबांची गाडी रेषेपाशी थांबली. ती अगदी जवळ गेली, तरी हॉर्न वाजला नाही. मग तिनेही त्यांच्या शेजारी गाडी उभी केली आणि हट्टाने स्क्रीनवरचा अंगठा उचलून बसून राहिली.

"जा ना बाबा," ती पुटपुटली.

बाबांची गाडी हलली, आणि हळूच मागे सरकली.