कुंडावरचं झाकण

बसमधून उतरल्यावर नंदिनीने नकाशा मागितला नाही. शिरीषने पहिली नोंद तिथेच केली.

नोंद अर्थात मनातल्या मनात. तोक्योत एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासण्यात त्याची सात वर्षं गेली होती. खोट सापडली की तिला नंबर द्यायचा आणि पुढे सरकायचं. असा धंदा सुट्टीला जाताना घरी ठेवून येता येत नाही.

नंदिनी सरळ साके दारूच्या दुकानामागच्या बोळात शिरली. बोळाच्या टोकाला चार लाकडी कॉटेजं होती, प्रत्येकाच्या मागे ऊन पाण्याचं स्वतंत्र कुंड.

"तुला बरा रस्ता ठाऊक!"

"अरे, वाफ दिसत होती की."

वाफ त्यालाही दिसली, पण वळण घेतल्यावर.

गाव जुन्या नाक्याचं. पूर्वी इथे दोन प्रांतांची हद्द होती. पहारेकरी वाटसरूंची झडती घेत, बायकांची जरा जास्तच कसून, असं फलकावर लिहिलं होतं. नाका मोडून सव्वाशेच्या वर वर्षं झाली. आता पहाऱ्याला शिरीष आला होता.

या कॉटेजांचं पत्रक दोन वर्षं त्यांच्या तोक्योतल्या कोतो भागातल्या घरी फ्रिजवर चुंबकाखाली होतं. आई तीन महिने राहायला आली, तेव्हा शिरीषनेच ते स्टेशनवरून आणलं होतं. मग बँकेच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, कामाचा धबडगा आला, जाणं राहून गेलं. परवा पुण्याहून आईचं वर्षश्राद्ध उरकून परतल्यावर त्याने पत्रक काढलं आणि परस्पर बुकिंग केलं.

"दुसरीकडे जाऊ या ना," नंदिनी तेव्हा म्हणाली होती. "जपानात ऊन पाण्याला काय तोटा आहे?"

तेव्हा त्याने कानाआड केलं होतं. आता त्या वाक्यालाही नंबर मिळाला. दोन.

कुंडावर तीन फळ्यांचं झाकण होतं. शिरीष कडेची फळी ओढत राहिला. नंदिनीने मधली उचलली, बाकीच्या दोन आपोआप सुटल्या. तीन.

मालकीण कुबोता-सान, म्हणजे कुबोताबाई, साठीची, हसऱ्या तोंडाची. तिने न सांगता एक ठेंगणं स्टूल आणून कुंडाशी पायरीसारखं ठेवलं. शिरीष चांगला पावणेसहा फूट, नंदिनीही काही बुटकी नव्हे. ऑफिसातला विश्वजित मात्र उंचीने बेताचा. घरी आला की नंदिनीशी तास तास गप्पा हाणणारा. चार.

सहाला जेवण आलं. नवराबायको दोघंही जपानात आल्यापासून मासे खायला लागले होते. इथे माशाचा तुकडा नव्हता, सूपला त्याचा वाससुद्धा नव्हता.

"आम्ही असं काही सांगितलं नव्हतं," शिरीष जपानीत म्हणाला.

"केळकर-सान ना? माझ्या लक्षात आहे," ती त्यांचं आडनाव घेऊन कौतुकाने म्हणाली आणि नंदिनीकडे पाहून हसली.

विश्वजित अंड्यालाही शिवत नाही. पाच.

नंदिनी झटकन उठली आणि तिला अंगणात घेऊन गेली. काचेतून शिरीषला ऐकू काही येत नव्हतं. नंदिनी दोन वाक्यं बोलली असेल. कुबोता-सानने तोंडावर हात ठेवला, मग कमरेत वाकली ती बराच वेळ वाकलेलीच.

भांडं फोडलं म्हणून माफी मागत असणार, शिरीषने हिशेब मांडला. नागोयाच्या प्रोजेक्टला एकटा माणूस हवा होता, फॅमिलीविना, दोन वर्षांसाठी. महिनाभर तो उत्तर टाळत होता. जेवण निवण्याच्या आत त्याने मोबाइलवरून होकार पाठवून दिला.

सकाळी नंदिनी कुंडात पाय सोडून बसली होती.

"इथे आधी आली होतीस."

"हो."

खोटं बोलेल याची त्याने तयारी केली होती. खऱ्याची केली नव्हती.

"कधी?"

"तू रिलीजसाठी आठ दिवस सेंदाईला होतास, तेव्हा."

"एकटी?"

"नाही."

"विश्वजित."

तिने मान वर केली. "विश्वजित?" मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "इतकी वर्षं तपासतोयस रे, आणि सापडलं काय तर विश्वजित!"

"मग कोण ते सांग."

"शपथ घातलीय मला. नाही सांगता येत."

"झकास! मी नागोयाला जातोय. एकटा. होकार कळवलाय कालच."

नंदिनीने पाय पाण्याबाहेर काढले. टॉवेलने एकेक बोट पुसलं. कपाटावर पाहुण्यांची अभिप्रायाची वही होती. ती आणून तिने त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हिला कुणी शपथ घातलेली नाही," ती म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

जपानी अक्षरं, मांजरांची चित्रं, बदामाची चित्रं. शिरीषने सेंदाईच्या आठवड्याची तारीख गाठली आणि थांबला. पान देवनागरीत होतं. बारीक, किरटं अक्षर, पोस्टकार्डावर जागा वाचवावी तसं कडेपर्यंत भरलेलं.

'इथे मराठी कोण वाचणार, म्हणून लिहिते. पाणी फार गुणाचे आहे, गुडघे आज पहिल्यांदा गप्प बसले. मालकीणबाईंनी स्टूल दिले, साधे जेवण रांधले. चि. शिरीष म्हणाला आहे, आई, तुला मीच नेणार. तो आणील तेव्हा प्रथमच पाहत्ये असे दाखवायचे ठरले आहे, सूनबाईला तशी शपथ घातली आहे. बिचारा कामात आहे. तोवर पाणी गरम ठेवावे.'